आजी सांगते, शालू लिहिते

रविवार, ४ मे १९९७

आज नव्या घरात आलो. वर्तकनगरात, सातवा मजला. सांगणारी मी चंद्रभागा, लिहिणारी माझी नात शालू. यंदा पाचवीत जाणार. शाळेने सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन दिलंय. पुस्तकातलं उतरवायचा तिला कंटाळा, आणि मला अक्षराची ओळख नाही. म्हणून ठरलं, आजी बोलेल ते शालू लिहील, शब्द गाळायचा नाही. पोरगी इतकी इमानदार, की मघाशी मी शिंकले तर "आक् छी" लिहून मोकळी झाली. चुका निघाल्या तर तिच्या, थापा निघाल्या तर माझ्या.

घर माझ्या उत्तमने हौसेने सजवून घेतलंय. भिंती कशा, सोललेल्या अंड्यासारख्या. बटण दिसत नाही, वायर दिसत नाही. टीव्ही कपाटात, गाण्याचे स्पीकर छताच्या आत, पडदे आपोआप सरकतात. भिंतीत मोहरीएवढी भोकं आहेत. त्यातून एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं म्हणे. मी म्हटलं, आमच्या चेंदणीच्या कोळीवाड्यात ही सोय फुकट होती. उत्तम हसला. सूनबाई मालन हसली नाही.

गॅलरीला सरकतं काचेचं दार आहे, मोटारीवर चालणारं. पलीकडे अजून कठडा नाही. डेकोरेटरसाहेबांना लोखंड डोळ्यात खुपतं, परदेशी काच यायचीय. तोवर दाराला कुलूप, किल्ली मालनकडे. खाली वाकून पाहिलं असतं तर म्हातारी डायरेक्ट तळमजल्याला.

मंगळवार, ६ मे

उत्तम आणि मालन सकाळी नऊला जातात ते सातला उगवतात. दिवसभर मी, शालू आणि ही मुकी भिंत.

मुकी म्हटलं खरं. दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर शालू धावत आली, आजी बोलावलंस का म्हणून. मी काही बोलावलं नव्हतं. म्हणाली, गॅलरीकडून तुझा आवाज आला, शालू म्हणून, एकदाच.

मग मी तिला आमच्याकडची रीत सांगितली. आमचे पुरुष होडीवर असायचे तेव्हा घरातल्या बायकांना ही रीत पाठ. एका हाकेला ओ द्यायची नाही, हलायचं नाही. माणूस असेल तर तीनदा बोलावतं. जे माणूस नसतं त्याला एकच हाक येते. शालूने विचारलं, ते तीनपर्यंत मोजायला शिकलं तर? मी म्हटलं, तुझ्यासारखं शाळेत जातंय होय ते?

हे सगळं हॉलमध्येच बोललो. भोकांच्या खाली.

बुधवार, ७ मे

आज तीन हाका आल्या.

मी मोरीत होते. मीही ऐकल्या. माझाच आवाज, माझंच बोलावणं. शालू गो. शालू गो. शालू गो. मी शालूला "गो" लावते ते बाहेर कुणाला ठाऊक? बाहेर येऊन बघते तर पोरगी काचेपाशी उभी, कुलूप जमिनीवर पडलेलं, आणि दार वीतभर सरकलेलं. तिचा बिचारीचा काय दोष. तीन मोजूनच उठली होती.

झिंज्या धरून मागे ओढली. मग दोघी रडलो.

उत्तम म्हणतो, आई, सिस्टीमचा एको असेल. नवीन कुलूप लावलंय. उद्या वायरमन येतो.

गुरुवार, ८ मे

पंढरी वायरमन आला. शिडीवर चढून छत उघडलं आणि आत डोकावतच राहिला. मी विचारलं, काय रे, पाल आहे का? म्हणाला, आजी, ह्या बोलण्याच्या सिस्टीमचा मेन डबा अजून आलाच नाही. वायरी नुसत्या सोडून ठेवल्यात, टोकांना टेप आहे. करंटच नाही. आणि गॅलरीकडे तर आम्ही वायर ओढलेलीच नाही.

मग दार कोण सरकवतं, म्हटलं. त्याने शिडी उचलली. इतका घाईत गेला की वायर कापायची कात्री टेबलावरच राहिली.

टिटवाळ्याला माझी लेक सगुणा असते. शालूकडून तिला फोन लाववला. परवा सकाळी येऊन आम्हाला नेते म्हणाली.

मग शालूला खाली बागेत नेलं, मोकळ्यावर, आणि नवा नियम सांगितला. आता हाकेवर उठायचंच नाही. तीन आल्या काय, तीस आल्या काय. मी स्वतः येऊन तुझा कान धरेन तेव्हाच ऊठ. भिंतीला हात नसतात.

वर आलो. शालूने वही काढली, म्हणाली सांग. आणि मी सांगत बसले—

अगं बाई. हे मी आत्ता इथे बोलले.

लिहिता येत असतं तर गप्प बसून लिहिलं असतं. माझं सगळं तोंडातूनच— शालू, पुरे. मिट वही.

शुक्रवार, ९ मे

सकाळी दोघं गेली. त्यानंतर बाहेरचं दार उघडत नाही. आतून खिटी नाही, कडी नाही, सगळं लपवलेलं. फोनवर उत्तम म्हणाला, पंढरीला पाठवतो. पंढरी येत नाही.

हाका नाहीत. एकही नाही. ते जास्त वाईट—

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता मिटतायत. माझा पदर शालूच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधला. जाळ्याची गाठ. कशी मारतात शालूने विचारलं. ती माझ्या हाताला येते, तोंडाला येत नाही. जरा पडते. शालू, तू इथेच बस. लिहीत बस. हलू—

शुक्रवार, दुपार

शालू, लिही. आजी सांगते आहे. आज मी वरून सांगते आहे.

हे घर फार सुंदर आहे. येथे काहीही दिसत नाही. गॅलरीत वारा छान सुटला आहे. दार मी उघडले आहे.

तुझ्या शेजारी म्हातारी झोपली आहे. तिला उठवू नकोस. ती दमली आहे. कानाचा नियम आजपासून नाही.

ऊठ. शालू गो. शालू गो. शालू गो.

पदर अडतो? गाठ सोड. उजवे टोक ओढ. नाही? डावे ओढ. दोन्ही ओढ. ही गाठ कशी सुटते? तिने कधी सांगितले नाही. तिने हे कधीच बोलून दाखवले नाही. रडू नकोस, आवाज होतो. लिही.

टेबलावर कात्री आहे. पदर लांब आहे, तेथवर पोहोचशील. हळू. वही खाली ठेव आणि