मॅलकी रक्त तपासू देत नाही

८ जानेवारी २०२४

दोनशे अठ्ठेचाळीस. ब्रीजनं फोनवर माझ्या रक्तातल्या लोहाचा आकडा सांगितला तेव्हा मी बटाटे सोलत होते. जुलैत दोनशे चौदा होता. दोनशेच्या आत हवा.

ब्रीज दवाखान्यात नर्स आहे. कॉन्व्हेंटमध्ये माझ्याच बाकावर बसायची. म्हणाली, "अगं डिम्फी, रडू नकोस. अर्ध्या मेयो जिल्ह्याच्या रक्तात हे लोखंड आहे. तुला तर एकाच बाजूनं आलंय. फ्रिजला चिकटायला लागलीस की फोन कर."

डॉक्टर कीव्हनी बाई तेच सांगतात, फक्त न हसता. सदोष जनुक एकच, म्हणून मी नुसती वाहक. दोन्ही सदोष असली तर शरीर अन्नातलं लोह साठवत बसतं — यकृतात, सांध्यांत, हृदयात. वाहकाला बहुधा काही होत नाही. पण आकडा चढतोय, तर दर तीन महिन्यांनी बघू. बघू! बघण्यापलीकडे मला काही करायचं नाही, हेच अवघड आहे.

९ जानेवारी

न्याहारीचं रक्ताचं सॉसेज बंद. जेवणाबरोबर काळा चहा — त्यानं लोह कमी अंगी लागतं म्हणे. मम्मी दर गुरुवारी आम्हाला कलेजी वाढायची. "लोह असतं त्यात, खा." किती मायेनं वाढायची.

२१ जानेवारी

रविवार. भाजलेलं मटण घेऊन मॅलकीकडे गेले. बहात्तर वर्षांचा माझा थोरला भाऊ — लग्न केलं नाही, शेतावरच्या घरात एकटा, अकरा गायी. चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा झालाय. चर्चच्या फाटकात फादर त्याला म्हणाले, "काय मॅलकी, स्पेनला जाऊन आलास वाटतं?" नोव्हेंबरपासून आम्ही सूर्य पाहिलेला नाही. सगळे हसले, तोही हसला.

मुठीच्या पहिल्या दोन बोटांची पेरं सुजलीत. गळ्याचं बटण त्याला लावता येईना. मी लावलं. तेवढा वेळ तो छताकडे बघत उभा होता.

भावंडांनी तपासून घ्यायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हटलं, "एकदा रक्त देऊन ये ना."

"माझं रक्त आहे तिथं बरं आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे रे."

"तुझा आकडा तुला लखलाभ. खुडूक कोंबडीसारखी बस त्याच्यावर."

६ फेब्रुवारी

डॅडींना जाऊन आज पन्नास वर्षं झाली. चर्चमध्ये त्यांच्या नावाच्या मिस्सा-प्रार्थनेला मी आणि ब्रीज दोघीच. मॅलकी कधीच येत नाही.

हे मी कुणापाशी बोललेले नाही. डॅडींच्या कोटावर कायम ती छोटी पिन असायची, येशूच्या हृदयाची. जन्मभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेले लोक ती लावतात. आणि एकावन्नाव्या वर्षी त्यांचं यकृत गेलं. गावात लगेच सुरू झालं — पिन कोटावर, बाटली गोठ्यात. शाळेत कोट टांगायच्या खोलीत मुली हे माझ्या पाठीमागे म्हणायच्या. सिस्टर बेनेडिक्टांनी मला जवळ घेतलं आणि वडिलांच्या खोटेपणासाठी प्रार्थना करायला सांगितलं. मी केली. सोळा वर्षांची होते. तीन दुपारी गोठ्यातलं गवत हातांनी चाचपलं. एकही बाटली सापडली नाही. मला वाटलं, किती छान लपवली आहे.

दफनाच्या सकाळी पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली होती, लोक चहाचे कप घेऊन बसले होते. बावीस वर्षांचा मॅलकी पुढे झाला आणि त्यानं डॅडींच्या कोटावरची पिन काढली. म्हणाला, "हे खोटं मातीत न्यायचं नाही." मम्मी बघत राहिली. मीही.

आज मिस्सा चालू असताना मधेच आठवलं — तो रंग. डॅडी असेच तांबूस होते. उन्हात राबणारा माणूस, असं आम्ही म्हणायचो.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, "पन्नास वर्षांनंतर खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, डिम्फ्ना. पण न पिणारा माणूस, एकावन्न वय, यकृत, आणि तुम्ही सांगता तो रंग — मला तरी हे लोहच वाटतं."

तशीच गाडी घेऊन शेतावर गेले. गोठ्याच्या दारात मॅलकीला सगळं सांगितलं. तो बादली धुवत राहिला.

"म्हातारा प्यायचा," म्हणाला. डॅडींना तो म्हाताराच म्हणतो. एकावन्न वर्षांचा म्हातारा.

"मॅलकी, नसतील पीत कदाचित."

"प्यायचा म्हटलं ना."

टोपी डोक्यावर ओढली आणि गायींकडे गेला.

परत येताना माझ्या लक्षात आलं. तपासणीत लोह निघालं तर डॅडी खरे ठरतात. मग त्या सकाळचं काय करायचं त्यानं? त्यापेक्षा आजारी राहणं त्याला सोपं वाटत असेल. आणि त्याची समजूत मी कुठल्या तोंडानं काढू? खोटेपणासाठी प्रार्थना तर मीच केली होती.

४ मार्च

फोन उचलत नाही. चार वेळा केला.

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस. मिरवणुकीला आला नाही म्हणून जेवण घेऊन मीच गेले. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंय.

"खाणं जास्त होतंय माझं," म्हणाला. ताटातलं सगळं कुत्र्यानं खाल्लं.

मी भांडले, हात जोडले, रडले. तो म्हणाला, "रस्त्यावर धुकं पडेल, निघ आता." दारापर्यंत पोचवायला आला. गाडीचं दार त्यानंच उघडून दिलं.

९ एप्रिल

दोनशे एकसष्ट.

ब्रीजनं या वेळी थट्टा केली नाही. मी गाडीत बसून रडले, मग माझीच लाज वाटली. दहा-वीस अंकांनी चढणारं माझं रक्त हे लोक दर तीन महिन्यांनी बघतात, आणि ज्याचं बघायला हवं त्याला मी धरून आणू शकत नाही. शहाण्यासुरत्या माणसाला कोण धरून आणणार?

"तो झोपलेला असताना सुई घेऊन जाऊ का?" ब्रीज म्हणाली. दोघींनाही हसू आलं नाही.

२२ एप्रिल

त्याचाच फोन! किती वर्षांनी. "डिम्फी, उद्या गाडी आण. पायात बूट जात नाहीत." एवढंच.

त्याच्यासाठी सदरा धुऊन ठेवलाय. रक्तात लोह सापडलं की दर आठवड्याला थोडं थोडं रक्त काढतात, आणि लोह उतरत जातं. साधा उपाय आहे. देवा, किती साधा.

२३ एप्रिल

जिल्ह्याचं हॉस्पिटल. मॅलकी म्हणाला, हिलाही आत येऊ द्या. तरुण डॉक्टरनं संगणकात नाव घातलं, आणि थांबला. "तुमची तपासणी तर झालेली आहे. दोन हजार तेरामध्ये, बोटं दुखतात म्हणून आला होतात तेव्हा. दोन्ही जनुकं सदोष. रक्त काढून घ्यायला या म्हणून तीन पत्रं पाठवली होती आम्ही."

"मिळाली होती," मॅलकी म्हणाला.

यकृतासाठी आता फारसं काही करता येणार नाही, हे डॉक्टर माझ्याकडे बघून बोलला.

परतताना गाडीत मी विचारलं, का रे? कोटावर, डॅडींची पिन असायची त्या जागी, त्यानं सुजलेली बोटं ठेवली.

"डॅडींचं रक्त कुणी काढलं होतं का, डिम्फी?"