खिडकीपाशची आगगाडी

मी, शिवराम धोंडू तांबे, वय एकसष्ट, निवृत्त फिटर, राहणार वाशी, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही. छातीत दोनदा कळ येऊन गेली, एवढेच निमित्त. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती खोली माझी स्वकष्टार्जित आहे. ती व पोस्टातली शिल्लक पत्नी जयमाला हिला मिळावी. तिच्या पश्चात मुलगी सगुणा हिला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा.

२. माझे चिमटे, कानशी आणि हातकरवत कारखान्यातला सोबती किसन म्हात्रे, बोनकोडे, याला द्यावे. वरच्या मजल्यावरचे जयप्रकाश सकपाळ यांना काहीही देऊ नये. त्यांनी माझे सोल्डरिंग आयर्न नेले, टोक जाळून परत आणले, आणि वर माझ्या कामाला ‘पोरखेळ’ म्हणाले. ते या कागदाचे साक्षीदार आहेत, तरी लिहितो.

३. आता आगगाडी. वाशीला रेल्वे अजून यायची आहे. माझ्या फळीवर ती १९७९ सालीच आली. इंजिन जुन्या बाजारातले, डबे डालड्याच्या पत्र्याचे, घरे काड्यापेट्यांची, फळी खोक्यांच्या प्लायवूडची. पैसे फार गेले नाहीत. गेली ती जागा.

आमच्या खोलीला खिडकी एकच. तिथे जयमालाचे शिलाई मशीन होते. मी तिला शब्द दिला होता की फळी बिजागऱ्यांवर बसवतो. गाडी खेळवून झाली की भिंतीला उभी करून ठेवीन. काही महिने ठेवलीही. मग मला घाटाची हौस आली. कागदाच्या लगद्याचा डोंगर केला, त्यात बोगदा केला आणि सगळे फळीवर डकवून टाकले. त्यानंतर फळी उभी करणे शक्यच नव्हते. डकवताना मला हे कळत होते. तरी डकवले.

मशीन मोरीजवळच्या बल्बखाली गेले. तिथे ती ब्लाउज शिवत राहिली, डोळे चोळत. पुढे काम येईनासे झाले. एकदाही भांडली नाही, त्यामुळे मला गप्प बसणे सोपे गेले. आता दोरा ओवायला ती सकपाळांच्या सुनेला हाक मारते, आणि मी तेव्हा रूळ पुसत बसलेला असतो. याची मला लाज वाटते.

४. सबब, माझ्या मृत्यूनंतर फळी काढून खिडकीची जागा जयमालाला द्यावी.

इथवर लिहून मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. जयमाला भाजी निवडत होती. म्हणाली, “म्हणजे खिडकी पायजे तर मी तुमी मरायची वाट बघायची?”

किसन हसला. जयमाला पुढे म्हणाली,

“गाडी मोडा असं कुठं म्हणते मी? दारावर एक बारकी फळी ठोका. गोल कशाला फिरायला पायजे तिला? जाऊ दे न् येऊ दे.”

त्या गोलापायीच मला एवढी रुंद फळी लागली होती. सरळ रुळाला वीतभर पुरली असती. नकाशा काढताना मी किसनला विचारले, कारखान्यातल्या सुताराला विचारले. हिला विचारले नाही.

५. कलम चार रद्द. फळी आजच, माझ्या हयातीत, काढायची आहे.

किसन म्हणाला, “तांबेभाऊ, यो मेल्यावरचा कागद हाय ना? त्यान आजचा काम कनाला?”

म्हटले, “लिहिले नाही तर मी पुन्हा टाळीन.”

बिजागऱ्या मीच काढल्या. घाट फुटू नये म्हणून सकपाळांनी तो दोन्ही हातांनी सांभाळला. ‘पोरखेळ’ हा शब्द मी माफ करतो. सोल्डरिंग आयर्नचे तसेच राहील.

मशीन खिडकीशी आणले. जयमालाने सुई उजेडात धरली, खूप वेळ धरली. दोरा गेला नाही. मी ओवून दिला.

हा मजकूर मशीनच्या पाटावर कागद ठेवून पुरा केला व दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण : वाशी, नवी मुंबई
दिनांक : १४ डिसेंबर १९८६

(सही) शिवराम धोंडू तांबे

साक्षीदार :
(सही) किसन गोटीराम म्हात्रे, बोनकोडे
(सही) जयप्रकाश विठोबा सकपाळ, वाशी. आयर्न नवीन आणून देतो.