ती हसत होती

४ मार्च २०१३, कावाला

मेल्पोने आज तालीम थांबवली! बाजारात मासळी विकते ही पोरगी, तिथूनच थेट तालमीला येते. माझ्या नाटकात सगळ्यांत धाकट्या दासीचं काम तिच्याकडे. म्हणाली, "बाई, ह्या बाराजणींना कुणी विचारलंच नाही का, काय झालं म्हणून?"

म्हटलं, मूळ कथेत नाही. राजा वीस वर्षांनी घरी येतो, घर बळकावून बसलेल्या पुरुषांना मारतो. त्यांच्या नादी लागलेल्या दासी कोणत्या, ते म्हातारी दाई सांगते. त्या बाराजणी आधी प्रेतं उचलतात, रक्त पुसतात. मग त्यांना फास.

"दाई सांगते तेवढ्यावर?"

"तेवढ्यावर."

"वा! म्हणजे साफसफाई होईपर्यंत जिवंत ठेवल्या. कामाच्या ना!"

सगळ्या हसल्या. मला हसता येईना. दाईचं वाक्य माझं आहे — "मी पाहिलं. ती हसत होती." कुठून सुचलं, ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

५ मार्च

स्तामातिया.

लिहिलं एकदाचं नाव.

७ मार्च

डोंगरातल्या गावाहून आली तेव्हा ती अकराची, मी सातची. बाप नव्हता, आईने आणून दिली. अशा मुलींना आमच्याकडे 'जिवाची लेक' म्हणायचे. जिवाची लेक स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपायची आणि आमचं झाल्यावर उरलेलं खायची. माझ्या वेण्या तीच घालायची. कधी ओढल्या नाहीत.

१९६१च्या हिवाळ्यात आरगिरिस काका — बाबांचे धाकटे भाऊ — आमच्याकडे राहायला होते. एकदा मी शाळेतून आले, तर धुण्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. काकांचा हात तिच्या तोंडावर. तिने मला पाहिलं. मी वर गेले आणि गणितं सोडवत बसले.

आठवड्याने आईने समोर उभं केलं. "अरेती, खरं सांग. काय करत होती ती?" काका तिथेच कॉफी पीत होते.

मी म्हटलं, "हसत होती."

दुसऱ्या दिवशी आईने तिला घालवून दिलं. मी दहा वर्षांची होते. घाबरले होते.

९ मार्च

आज मृतांचा शनिवार. गहू शिजवले, साखर-डाळिंब घालून देवळात नेले. दरवर्षी घरातल्या गेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी मीच लिहिते. पाद्रीबाबांनी मोठ्याने वाचलं — आरगिरिस. त्याच्या आत्म्यासाठी वीस वर्षं गहू शिजवतेय मी!

आणि परवा लिहिलं ते खोटं आहे. घाबरले नव्हते. राग होता. आईची फुलदाणी मी फोडली, ते स्तामातियाने आईला सांगितलं होतं. म्हणून. एवढ्यासाठी.

१३ मार्च

मेल्पोला सांगून टाकलं. तालीम संपल्यावर तिने स्तामातियाच्या गावच्या कॉफीच्या दुकानात फोन लावला. परत येऊन म्हणाली, "आहे. शेळ्या पाळते. एकटीच राहते. जा बाई, आणि केक-बिक घेऊन जाऊ नका."

१६ मार्च

जाऊन आले.

तिने लगेच ओळखलं. "अरेती ना? चाल तीच आहे." अंगणात रानभाजी निवडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — दार, काका, आई, फुलदाणी. तिचा चाकू थांबला नाही.

"ठाऊक आहे मला," म्हणाली. "तुला विचारलं तेव्हा दारामागेच तर होते. तू बोललीस, आणि तुझ्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला. तोही ऐकू आला."

मी रडले. तिने खुर्ची पुढे केली. वाळवलेले अंजीर ठेवले. म्हटलं, "मी दहा वर्षांची होते गं." ती म्हणाली, "होतीस खरी." पुढे काय झालं तिचं, ते विचारायचा धीर झाला नाही. तिनेही सांगितलं नाही. निघताना भाजीची जुडी हातात दिली. शेळ्या मध्ये मध्ये करत होत्या, त्यांना शिव्या घालत थांब्यापर्यंत सोडायला आली!

परतीच्या वाटेवर हलकं वाटलं. बावन्न वर्षांनी. माफ केलं तिने. केलंच असणार.

१७ मार्च

एक वाक्य काल लिहिलं नाही. बस समोर येऊन उभी राहिली, तेव्हा म्हणाली —

"दहा वर्षांची होतीस, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण विशीची झालीस, तिशीची झालीस, पन्नाशीची झालीस... ही बस तेव्हाही रोज येत होती, अरेती."