तेरावं रीळ आधी

प्रिय दादा,

आधी बस आणि चष्मा लाव. काल संस्कृतच्या वर्गात मी एकाच धातूची रूपं दोनदा घेतली, इतकी हवेत होते. अरे, आपला तो शिंप्याचा सिनेमा सापडलाय! फिल्म क्लबच्या चिटणीसबाईंनी कुठल्याशा गोदामातून प्रत मिळवली. रविवारी सकाळी दाखवणार आहेत. वर मला म्हणाल्या, हा रहस्यपट तुम्हाला इतका का आवडतो, त्यावर आधी दहा मिनिटं बोला. मला दहा मिनिटं! तेवढ्यात माझं मंगलाचरणही उरकत नाही.

खरं सांगू? सरळ क्रमाने पाहिला तर तो सिनेमा बेतासबातच आहे. घरमालकाचा खून, पाच जणांवर संशय, आणि तेराव्या रिळात गरीब शिंपी बायकोजवळ कबुली देतो. पण थेटरात तू मशीनवर होतास त्या मॅटिनीला बाराव्याच्या आधी तेरावं लागलं! पूर्वपक्षाआधीच उत्तरपक्ष. कबुली झाली, आणि लगेच तोच शिंपी इन्स्पेक्टरच्या कॉलरचं बटण शिवतोय. आधी शिट्ट्या, मग सामसूम. सुई गळ्यापाशी, इन्स्पेक्टर हसतोय, आणि साऱ्या थेटरात त्या एकट्यालाच काही ठाऊक नाही. मी बाल्कनीच्या पायरीवर बसले होते. शेजारची बाई उभी राहून ओरडली, ‘अहो साहेब, मान मागे घ्या!’ त्यानंतर कुठलाही खून मला इतका रुचलेला नाही.

तुला मात्र मालकाने त्याच संध्याकाळी काढलं. म्हणे, बारा-तेरा कळत नाही आणि मशीन चालवतोय. ‘चूक माझीच’ म्हणून तू मान खाली घातलीस, टाइल्सच्या दुकानात लागलास, आणि एकोणतीस वर्षं थेटराची पायरी चढला नाहीस. वहिनी सांगते, टीव्हीवर सिनेमा लागला की तू गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतोस. दादा, बिचारी झाडं कुजली असतील रे.

आता तुझी पद्धत आठव. डबे सकाळीच क्रमाने रचायचास. वरचा डबा म्हणजे पुढचं रीळ, आकडा पुन्हा बघायचा नाही. माझी परीक्षा तोंडावर होती. तुझं जेवण पोचवून मी केबिनमध्येच पाठ करत बसायचे, पण वही ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी तू मशीनला डोळा लावून उभा होतास. मी वरचे दोन डबे मांडीवर घेतले, त्यांवर वही ठेवली, आणि तू वळतोयस असं वाटल्यावर घाईने परत रचले. उलटे. मग बाल्कनीत येऊन बसले, आणि शिट्ट्या ऐकल्या त्याच क्षणी मला कळलं. मालक ओरडत होता तेव्हा वही छातीशी धरून मी तुझ्या मागेच उभी होते. तोंड उघडलं नाही. व्याकरणात मात्र पहिली आले.

हे सांगितल्याशिवाय माझं भाषण पुरं होत नाही, आणि शंभर परक्यांच्या आधी ते तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. तू चुकला नव्हतास, दादा. कधीच नाही. रविवारी अकराला ये. तुझी आणि वहिनीची खुर्ची पहिल्या रांगेत धरते. शिव्या द्यायच्या तर भाषणाआधीच दे. नंतर मी रडत असेन, आणि ते तुला बघवत नाही.

तुझीच,
अपराधी, तरीही हट्टाने लाडकी बहीण