तळघराच्या चौकटीवरच्या खुणा

२ ऑगस्ट
आलो एकदाचे. सामान उतरलं, एकच बशी फुटली आणि तीही आधीपासून तडकलेली. घर लहान, पण भिंती सरळ आहेत. ओळंबा लावून पाहिलं. वर तीन खोल्या, खाली तळघर, मागच्या उतारावर द्राक्षबाग. या थंड डोंगराळ भागात द्राक्षं सप्टेंबरात तयार होतात. एजंट म्हणाला होता दोनशे वेली. मी मोजल्या, दोनशे सोळा निघाल्या. सोळा वेली फुकट मिळाल्या म्हणून ही खूश. मला एजंटाच्या गणिताची कीव आली.

बावीस वर्षं कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण माप अडलं की पदवीवाले इंजिनियर माझ्याचकडे यायचे. वाईनवरची अकरा पुस्तकं वाचून झालीत. ही म्हणते, पोहण्यावरची अकरा वाचून कुणी समुद्रात उडी मारत नाही. मारणारा मारतो.

लेक नऊ वर्षांची. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून आई तिला शिडी म्हणते. शिडी दिवसभर वेलींच्या ओळींतून पळत होती.

९ ऑगस्ट
तळघरात आधीच्या मालकाने एक उघडं लाकडी पीप ठेवलंय. आतून व्यास नव्वद सेंटीमीटर, लाकूड ठणठणीत. फक्त लोखंडी पट्टे सैल होते, म्हणून गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने पट्टे ठोकले, पण सारखं पुटपुटत होता. म्हणे हे पीप फोडून जाळा, स्टीलचं आणा. ते नसेल करायचं तर निदान यात कुणाला उतरवू नका, द्राक्षं दांड्याने कुटा. मी त्याला समजावलं की दांड्याने बिया फुटतात आणि वाईन कडू होते. पान नंबरही सांगितला. तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

तळघराच्या दाराच्या चौकटीवर मात्र गंमत सापडली. पेन्सिलीने मुलाच्या उंचीच्या खुणा, एकूण आठ. सगळ्यांत वरची १२८, सगळ्यांत खालची ६१.५. प्रत्येकीपुढे तारीख आणि महिना, साल नाही. खालची १९/१०, वरची ९/९. म्हणजे दरवर्षी द्राक्षं काढून झाली की गडी पोराला उभं करून मोजत होता. वरवर जावं तशी तारीख अलीकडे येत गेलीय, कारण वेली मुरल्या की पीक लवकर येतं. ६१.५ चं मूल उभं राहत नाही, हाताला धरून उभं केलं असणार. शिस्तीचा माणूस. भेटला असता तर जमलं असतं आमचं.

४ सप्टेंबर
द्राक्षं काढली. साखर अगदी हवी तेवढी. घडांचे देठ तिघांनी मिळून काढले, हिची बोटं जांभळी झाली.

मग शिडीला पिपात उतरवलं. पुस्तकातही पायांनीच तुडवा म्हटलंय, आणि माणूस जितका हलका तितक्या बिया शाबूत. म्हणून फक्त तीच. आम्ही दोघं बाहेर. गुडघ्यापर्यंत रसात, खिदळत होती, पाय गिळतंय म्हणत होती. बाहेर काढून पाय धुतले आणि त्याच चौकटीवर तिची खूण केली. टाचा टेकव, हलू नकोस. १३४.०. पिपाच्या काठापासून रसापर्यंत १९० मिलिमीटर.

आजच्यासारखा दिवस बावीस वर्षांत गेला नाही.

१३ सप्टेंबर
रस छान आंबतोय. तळघरात फसफस ऐकू येते. साली वर आल्यात, त्या दिवसातून तीनदा दाबतो. पातळी थोडी चढलीय. वायूमुळे चढते, पुस्तकात आहे.

शिडीला मोजलं, १३३.४. वाकून उभी राहिली असणार.

१८ सप्टेंबर
१३२.१. तीनदा मोजलं. लाकडी पट्टी, पोलादी टेप, दोन्ही एकच सांगतात. चौकट खचली का पाहिलं. खचलेली नाही.

ही म्हणाली की शाळेच्या शर्टाच्या बाह्या लांब होताहेत. मी म्हणालो, धुऊन सैल पडल्या असतील. इस्त्री खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

“अहो, कापड धुतल्यावर आटतं. वाढत नाही.”

शाळेत उंचीप्रमाणे रांग असते. शिडी कायम शेवटी असायची, आता शेवटून पाचवी आहे. स्वतः खूश, म्हणते, पुढून फळा नीट दिसतो.

२४ सप्टेंबर
आंबणं संपलं. फसफस बंद, साली खाली बसल्या. आता पातळी उतरायला हवी. अकराही पुस्तकांत तसंच आहे.

उतरली नाही. काठापासून १८५.५. सुरुवातीपेक्षा साडेचार मिलिमीटर वर.

शिडी १२९.५. सुरुवातीपेक्षा साडेचार सेंटीमीटर खाली.

मागच्या सगळ्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. सेंटीमीटरला मिलिमीटर. एकदाही चूक नाही.

चमचाभर चाखून पाहिली. लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही. इतकी चांगली वाईन मी आयुष्यात प्यायलेलो नाही.

२६ सप्टेंबर
डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, सगळं ठीक. घरची मापं अशीच असतात, म्हणाले. घरची! मी उठून बाहेर आलो. हिने आत जाऊन माझ्या वतीने माफी मागितली.

१ ऑक्टोबर
दोघींना हिच्या ताईकडे पाठवलं होतं, दिवसभराच्या प्रवासावर. सोबत पोलादी टेप दिला. कसं मोजायचं ते कागदावर लिहून दिलं. रोज सकाळी सातला हिचा फोन. १२७. १२६. १२५. इकडे मी पिपापाशी पट्टी धरून उभा. ती आकडा सांगायच्या आधी मला माहीत असायचा.

परत बोलावलं. लांब राहून उपयोग नाही.

५ ऑक्टोबर
१२२. आज चौकटीवरच्या जुन्या खुणा पुन्हा वाचल्या. ९/९ सगळ्यांत वर. मग १४/९. २०/९. २७/९. खाली खाली. १९/१०.

आठ वर्षं नव्हती ती. एकच वर्ष होतं. पोर वाढत नव्हतं.

आणि मी कौतुक केलं होतं. शिस्तीचा माणूस म्हणून.

धावत सुताराकडे गेलो. पीप आजच ओतून टाकतो म्हणालो. म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं.

“ओतू नका साहेब. त्याने ओतलं. पोरगं आईच्या मांडीवर होतं. ओतून घरात आला तर मांडीवर नुसते कपडे.”

आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं नाही. त्याने सांगितलं होतं. मी त्याला पान नंबर सांगितला होता.

घरी आलो तेव्हा शिडी जिन्यावर बसली होती. आईच्या चपला घालून पाहत होती.

“बाबा, मी लहान होतेय का?”

मी हो म्हणालो. तिच्याशी मापाबाबत कधी खोटं बोललेलो नाही.

७ ऑक्टोबर
१२०.०. काठापासून १७६.

विचार केला तो असा. पिपात जे पाय उतरले, त्यांचंच ते घेतं. दुसरे पाय उतरले तर? पुस्तकात नाही. कुठल्याच नाही.

हिला सांगितलं. तिने चपला काढल्या. मग म्हणाली, मी उतरते. मी म्हणालो, शिडीला उतरवलं कुणी? ती उठून टॉवेल घेऊन आली.

सकाळी दहाला उतरलो. गार. तळाशी पायाला काहीतरी मऊ लागलं, साली असतील. वीस मिनिटं तुडवलं. बाहेर येऊन चौकटीला पाठ लावली. १७१.०. हिने खूण केली.

९ ऑक्टोबर
लेक १२१. मी १७०.

पातळी जागच्या जागी. १७६.

१४ ऑक्टोबर
लेक १२७. मी १६४. तिने आज सगळी पोळी खाल्ली, वर आणखी मागितली. ही स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली, मग मला म्हणाली, पँट आणा, चार बोटं दुमडून देते.

गणित सोपं आहे. तिचे चौदा परत गेले की फिटलं. १५७ ला थांबेन. पाच फूट दोन इंच. जगात पुष्कळ माणसं तेवढी असतात. हिच्याहून बुटका होईन एवढंच. ही म्हणते, डोक्याने तुम्ही आधीपासूनच आहात.

२० ऑक्टोबर
१३४.०. पूर्ण. शिडी परत शिडी झाली.

मी १५७.०. फिटलं.

२१ ऑक्टोबर
१५५.

हिने आकडा सांगितलाच नाही. मी मागे वळून पाहिला.

२४ ऑक्टोबर
१४८. पातळी पुन्हा चढतेय. लेकीला पुन्हा पुन्हा मोजतोय. १३४. १३४. १३४. तिला हात लावत नाही ते. मग ठीक.

ही रोज म्हणते, मी उतरते, थोडं माझं घेऊ दे. मी तळघराला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. तिचं घेऊन झालं की लेकीला कोण?

एक हिशेब करून ठेवला. २० तारखेला काठापर्यंत जागा १७६ मिलिमीटर. मी उरलो होतो १५७ सेंटीमीटर. पीप भरून वाहणार नाही. एकोणीस मिलिमीटर उरतील.

मी मावतो त्यात.

२९ ऑक्टोबर
१३४. लेक आणि मी सारखे. पाठीला पाठ लावून उभे राहिलो, हिने डोक्यांवर पट्टी ठेवली, पट्टी आडवी राहिली. लेक हसली. मीही. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. नऊ वर्षांत दिसला नव्हता, वरून बघत होतो ना.

४ नोव्हेंबर
१०४. पिपाचा काठ आता डोक्यावर. स्टूल लागतं. कुलपापर्यंत हात पुरत नाही — लेक काढते.

दोघींना पुन्हा सांगितलं. ओतायचं नाही. विकायचं नाही. कुणी उतरायचं नाही. वर झाकण, झाकणावर दगड. लेकीने वहीत लिहून घेतलं, मुद्द्यांना आकडे घातले. माझ्यावर गेलीय.

हिने विचारलं, झाकण लावल्यावर तुम्हाला आत —



८ नोव्हेंबर
६१. जुन्या खुणांतल्या सगळ्यांत खालच्या खुणेच्या खाली. हिने हाताला धरून उभं केलं. त्या माणसानेही असंच —

पेन्सिल दोन्ही हातांनी. ओळी वाकड्या येताहेत. आयुष्यात पहिल्यांदा.

चाखली. शेवटची. लिहून ठेवतो — चांगली आहे. फार चांगली —

९ नोव्हेंबर
सकाळी सात. आज हिला बघवलं नाही, लेकीने मोजलं. जमिनीवर पालथी पडून. पट्टी सरळ धरली, आकडा दोनदा वाचला, मी शिकवलंय तसा. मग पुन्हा वाचला. वहीत लिहायच्या आत बदलला म्हणाली.

वही माझ्याजवळ उघडी ठेवलीय तिने. पानावर उभा राहून लिहितो —

“टाचा टेकव, बाबा. हलू नकोस.”

मी हलत नाहीये. टाचा टेकल्यात. मी तर नीट उभा —