तीन ते चारचा उजेड

४ जुलै

चि. सौ. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने मी बरी आहे, गुडघे सोडून. ते कधीच कुणाच्या कृपेत नव्हते.

तुझं पत्र काल आलं. टपालवाली फाटकातूनच ओरडली की नातीचं आहे, चष्मा सापडत नसेल तर मी वाचून दाखवते. मी कुठली देते! एकेका शब्दाखाली बोट ठेवून मीच वाचलं. सातवा महिना लागला हे वाचून मी एकटीच एवढ्या मोठ्यानं हसले, की शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, पणजी होतेय, अजून काय ठीक असायचं राहिलंय?

मग पुढची ओळ वाचली. डॉक्टरीणबाईंनी तुला दवाखान्यात ठेवून घेतलंय, बाळ घाई करतंय, पलंगावरून उठायचं नाही. बोट त्या ओळीवरच राहिलं बघ.

पण घाबरू नकोस. तीस वर्षं मी दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या केल्यात. अशा कितीतरी जणी आडव्या पडून राहिल्या आणि लेकरं घेऊन चालत घरी गेल्या. आणि बाळानं घाई केली तर नवल काय? आई कोण त्याची! तू चालायला लागलीस तशी एका जागी ठरेनास, म्हणून आजोबांनी भिंगरी नाव ठेवलं. आता शाळेत कवायतीच्या बाई झालीस, गळ्यात शिट्टी. देवाशी बोलायचं तेसुद्धा बुटांच्या नाड्या बांधताना. डाव्या बुटाला हे बापा, उजव्याला आमेन.

आता आयता वेळ मिळालाय तर देवाजवळ निवांत बस. म्हणजे पड. माझं तुला ठाऊकच आहे. मागच्या दारात तीन ते पाच एवढाच काय तो ऊन नसलेला स्वच्छ उजेड असतो, दिव्याखाली मला टाके दिसत नाहीत. त्यातले तीन ते चार देवाचे, हात रिकामे ठेवून. चार ते पाच सुयांचे. रोज तेवढ्या वेळात बाळमोज्यांची एक जोडी व्हायला चार दिवस लागतात. आजपासूनच घालते टाके.

माया आहे, ती काही टपालात मावत नाही. उठू नकोस.

तुझी आजी

१२ जुलै

ती. आजीस,

भिंगरीचा सा. न. वि. वि. पत्र मिळालं. शेजारच्या पलंगावर एक शिंपीणबाई आहेत, त्यांना नाड्यांचं वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की नर्सबाईंनी येऊन दोघींना दटावलं, हसायचंसुद्धा नाही म्हणे.

आजी, तुझ्या सांगण्यानं बसायचा (पडायचा) प्रयत्न केला. घड्याळ लावून. साडेचार मिनिटं झाली. त्यातली चार मी मागतच होते. बाळ राहू दे, अजून एक आठवडा राहू दे, एकच आठवडा. डॉक्टरीणबाई म्हणतात निदान आठ आठवडे काढायचेत, पुढचा प्रत्येक दिवस बाळाच्या फुफ्फुसांना हवाय. मी उशीखाली कागद ठेवलाय, बाळ हललं की रेघ मारते. काल दुपारी दोन तास एकही रेघ नव्हती. मी घामानं भिजले. मग त्यानं अशी लाथ मारली की कागदच खाली पडला.

मला देवाजवळ बसताच येत नाही गं. जाते आणि हातातली यादी वाचून परत येते, दुकानात गेल्यासारखी. सगळा दिवस रिकामा आहे आणि मी आतून मैदानाला फेऱ्या मारतेय.

तुझा नातजावई रोज कामावरून येतो. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो, आणि इथं येऊन पलंगाचा पाय हलवून बघतो. दुसरं काय दुरुस्त करावं ते त्याला सुचत नाही.

तू कशी बसतेस ते नीट लिही. आठवण येते, फार.

तुझी,
भिंगरी

२० जुलै

चि. सौ. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद, तुला एक आणि पोटातल्या घाईगडबडीला एक.

अगं, देवासमोर घड्याळ लावून बसतात होय? पाहुणा घरी आला तर त्याच्यासमोर घड्याळ बघत बसशील का? तो बिचारा निघेल ना उठून. म्हणजे देव निघत नाही, पण आपलीच लाज. ते घड्याळ काढ आणि नातजावयाच्या हातात दे. म्हणावं पलंगाचा पाय सोड, हे दुरुस्त कर.

आणि मागतेस तर माग. लेकरानं आईला मागू नये तर काय करावं? यादी वाचून संपली की मात्र लगेच उठू नकोस. तिथंच थांब. आणखी काही म्हणायचं नाही, त्यानंही काही म्हणावं असा हट्ट नाही. आजोबा आणि मी संध्याकाळी पायरीवर बसायचो, आठवतं ना? ते एक अक्षर बोलायचे नाहीत. तू एकदा विचारलं होतंस, तुमचं भांडण झालंय का म्हणून. ते म्हणाले होते, नाही गं, आमचं बोलणं चाललंय. तसं.

पवित्र शास्त्रातली एकच ओळ घे, हळूहळू वाच. माझ्यासारखी. मला वाचायलाच इतका वेळ लागतो की घाई करायची सोयच नाही.

सोबत आठ जोड्या मोजे पाठवतेय. पिवळ्या लोकरीचे तीन, बाकी पांढरे. हात कसा तो थांबत नाही सध्या. शेजारीण म्हणाली, बाळाला पाय दोनच असतील ना? तिला काय कळतंय.

इकडे सगळं ठीक. मागच्या दाराची कडी सैल झालीय. दुसरं काही विशेष नाही.

जीव लावून आहे, तो तसाच लावून ठेव.

तुझी आजी

३ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि. परवा तू टाकलेलं पुडकं आज आलं. आणखी सहा जोड्या. आधीच्या आठ. चौदा झाल्या.

आजी, मी कवायतीची मास्तरीण आहे, पटावर मुलं कमी-जास्त झाली तर मला लांबून कळतं. तू चार जुलैला सुया घेतल्यास. चार दिवसाला एक जोडी, तूच लिहिलंस. एक ऑगस्टपर्यंत अठ्ठावीस दिवस. म्हणजे सात व्हायला हव्यात. झाल्या चौदा. अगदी दुप्पट. दिव्याखाली तुला टाके दिसत नाहीत. मग हा दुसरा तास कुठून आला?

तीन ते चार तू बसतच नाहीयेस. महिनाभर.

शिंपीणबाईंनी मोजे हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, विणणारीचा हात चांगला आहे, पण जीव घाबरा आहे. टाके इतके आवळलेत की माझा अंगठासुद्धा आत जात नाही. मला बस म्हणून सांगतेस आणि स्वतः पळतेस! भिंगरी कोण गं आपल्यात?

रागावले नाही. पण एक सांगते. गेल्या मंगळवारी नर्सबाई बाळाचे ठोके ऐकायला आल्या आणि त्यांना ते सापडेनात. इथे लावलं, तिथे लावलं. मग त्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या. मला यादीतलं एकही मागणं आठवेना. हात चादरीवर तसेच उघडे पडले होते. मी काही म्हटलं नाही. आणि आजी, तिथं कुणीतरी होतं. बस, एवढंच. मग डॉक्टरीणबाई आल्या, बाळ कुशीवर वळून बसलं होतं, ठोके सापडले. भीती अजून आहे, जागची हललेली नाही. फक्त तिच्यासोबत आता मी एकटी नाही. त्यानंतर मी रोज पडून राहते, किती वेळ ते माहीत नाही. घड्याळ नातजावयाकडे आहे.

आता तू खरं सांग. तुला कशाची भीती वाटतेय?

तुझीच, खूप खूप तुझी,
भिंगरी

९ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस,

आशीर्वाद. पकडलंस मला. धोबीखान्यात इतकी वर्षं चादरी मोजल्या, आणि माझेच मोजे माझी चहाडी करतील हे ध्यानात आलं नाही.

हे तुझ्या बाबालाही नीट ठाऊक नाही. त्याच्या पाठीवर मला एक मुलगी झाली होती. सातव्यातच आली. दोन दिवस होती. नाव ठेवायच्या आधी गेली.

मी देवाशी अबोला धरला. देवळात जाईना, प्रार्थना करीना. दुपारी तुझा बाबा झोपला की मागच्या दारातल्या खुर्चीत येऊन बसायची. तू समजतेस हात रिकामे ठेवायचा काही नियम आहे. नियम कसला बाई! धरायला कुणी नव्हतं म्हणून रिकामे होते.

महिनाभर बसले. मी बोलले नाही, देवही बोलला नाही. पण तो उठून गेला नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस, चौथीसुद्धा न झालेल्या बाईला ते मांडता येत नाही. माणूस शेजारी बसलेलं न बघता कळतं ना, तसं कळलं. ती का गेली ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारणं सोडलेलं नाही. पण तो तास तेव्हापासूनचा आहे.

आता तुझं पत्र आलं, सातवा, आणि बाळ घाई करतंय. त्या दुपारी खुर्चीपाशी गेले आणि पाय पुढे होईना. वाटलं, आपण बसलो आणि त्यानं पुन्हा तसंच गप्प राहायचं ठरवलं तर? म्हणून सुया घेतल्या. टाके मोजताना दुसरं काही ऐकू येत नाही.

काल तीनला सुया डब्यात घातल्या आणि डबा कपाटात. बसले. हात मांडीवर रिकामे ठेवले. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. काही झालं नाही. चार वाजले. आज पुन्हा बसले.

तुझा तो मंगळवार मी वाचला ना, बोट सरकेचना पुढे. पण यावेळी भीतीनं नाही.

माझ्यावर हसून झालं की माया कर.

तुझी पळपुटी आजी

५ सप्टेंबर

चि. सौ. भिंगरीस आणि बिननावाच्या माझ्या पणतीस,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद! किती लिहू? शाई संपेल.

झालं असं की काल तीन वाजून पाच मिनिटांनी टपालवाली आली. मी नुकतीच बसले होते. पाकिटावर अक्षर तुझं नाही, नातजावयाचं. तो कधी पत्ता लिहीत नाही. टपालवाली म्हणाली, उघडा. मी पाकीट खिडकीत ठेवलं. म्हटलं, चारला उघडीन. ती म्हणाली, आजी तुमचं डोकं ठिकाणावर आहे का!

तू मला मोठी भक्तीण समजशील, म्हणून खरं सांगते. निम्मं कारण हे की उघडायचं धाडसच नव्हतं. निम्मं असं, की कागदात जे होतं ते होऊन गेलेलं होतं. ते आधी देवाला ठाऊक होतं. म्हटलं, ज्याला ठाऊक आहे त्याच्याजवळ जरा बसते, मग मलाही कळू दे. रडायचं असेल तर इथेच रडीन, हसायचं असेल तर इथेच. जागा तीच.

भीती सगळा वेळ मांडीवर बसून होती. मी तिला उठवलं नाही. टपालवालीही पायरीवर टेकली, जराशानं उठली, आळीची पत्रं वाटून चारला धापा टाकत परत आली. मग मी तिलाच म्हटलं, आज तू वाच. माझं बोट एका जागी राहत नव्हतं.

मुलगी. दोन किलोला थोडी कमी. काचेच्या पेटीत आहे, पण श्वास तिचा तिचा घेते. टपालवाली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती आणि दोघी रडत होतो. शेजारीण पुन्हा कुंपणाशी.

अजून पेटीतून बाहेर यायची आहे, हे मला कळतं. काळजी संपलेली नाही. पण भिंगरे, पेटीजवळ बसशील तेव्हा घड्याळ मागून घेऊ नकोस हं. आणि तिला हात लावू देत नाहीत म्हणून रडू नकोस. रिकाम्या हातांचं मी तुला सांगितलंच आहे.

तिला माझा पापा, तो काचेवरून दे. नाव ठेवायची घाई नको, पण ठेवा.

तुम्हा सगळ्यांची,
आजी

ता. क. पंधराव्या जोडीचा एकच मोजा झालाय. टाके सैल आहेत, अंगठा घालून पाहिला. दुसरा कधी होईल ते विचारू नकोस. दुपारचा उजेड अर्धाच माझा आहे.