पाणी बेताचं असेल तेव्हा

पुणे, १२ जून २०२३

ती. बाबूजींच्या चरणी
नीतूचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल. तुमची खुशाली अंदाजाने धरली आहे, कारण फोन वाजतो आणि वाजून बंद होतो. त्या साध्या फोनवर मेसेज लिहिणं तुम्हाला जमत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या दिवाळीत आम्ही भिलाईला आलो तेव्हा पीयूषने राफ्टिंगचा व्हिडिओ दाखवला आणि तुम्ही छाती ठोकून म्हणालात की मीही बसीन. तुमचा नातू ते विसरलेला नाही. तो चौदाचा झाला, आता त्याला बोटीत घेतात. कोलाडची कुंडलिका नदी इथून तीनेक तासांवर आहे. पावसाळ्यात पाणी सगळ्यात जोरात असतं म्हणतात, म्हणून मी जुलै धरते आहे. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आपण सगळे मिळून कुठे म्हणून गेलो नाही. अभिनवनेही सुटी घेतो म्हटलंय, म्हणजे तुमच्या जावयाच्या बाबतीत सूर्य पश्चिमेला उगवला समजा.

तब्येत जपा. आशीर्वाद असू द्या, आणि फोन उचलत जा.

तुमची नीतू


भिलाई, सेक्टर १०, २४ जून २०२३

चि. सौ. नीतूस
अ. उ. आ.

पत्र पावलं. एकदा वाचलं, चहा केला, पुन्हा वाचलं. फोन बिघडला आहे. दुरुस्तीला टाकीन म्हणतो, राहून जातं.

जुलैचं मात्र काही खरं नाही. भर पावसात भरल्या नदीत उतरणं म्हणजे विकतचं दुखणं. उन्हाळ्यात म्हणशील तर इकडे दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. थंडीत पाणी गार. दसऱ्यानंतर बघू. नदी काही पळून जात नाही.

बाकी ठीक. सकाळी सिव्हिक सेंटरपर्यंत पायी जाऊन येतो. शेजारचे क्वार्टर सोडून गेले. आता आमच्या रांगेत संध्याकाळी दोनच दिवे लागतात, त्यातला एक माझा. जेवायला टीव्हीसमोर बसतो. आवाज बंदच ठेवतो, नुसती चित्रं बघतो. तेवढीच घरात हालचाल.

पीयूषला पाठीवर एक थाप. जावईबापूंना नमस्कार.

बाबूजी


पुणे, ३ नोव्हेंबर २०२३

ती. बाबूजींना
नीतूचा सा. न. वि. वि.

दसरा झाला, तुमचं बघू काही संपलं नाही. बोटवाल्यांचा फॉर्म पाठवून महिना झाला, तो कोराही परत आला नाही. पीयूषने निवडलेला तसाच साधा नवा फोन पाठवला, तोही वाजून बंद होतो. म्हणजे बिघाड फोनमध्ये नाही.

बाबूजी, वर्षात ऋतू तीनच असतात आणि तुमचे तिन्ही नाकारून झाले. माझ्याकडे यायचंच नसेल तर तसं सरळ लिहा. मी रडणार नाही.

खोटं कशाला लिहू, रडेन. अभिनव महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. पीयूष घरात असला तरी कानात गाणी खुपसून बसतो, बोललाच तर हिंदीत. खालच्या मजल्यावरच्या बायकांशी बोलताना एकदा चुकून आपल्यासारखं काय करून राहिल्या म्हणाले, तर आठवडाभर तेच चिडवत होत्या. माझ्यासारखं बोलणारं माझं एकच माणूस उरलंय आणि ते फोन उचलत नाही.

काही चुकलं असेल तर पोटात घाला.

नीतू


भिलाई, १३ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. नीतूस
अ. उ. आ.

ऋतूंचा काही दोष नाही. तुझ्याशी बोलतो तसंच लिहितो. मले ऐकू येत नाही, बेटा.

कारखान्यात, प्लेट मिलमध्ये चौतीस वर्षं खलासी होतो, क्रेनला खुणा देत होतो. त्या आवाजात कान कधी गेले ते कळलंही नाही. क्रेन चालवणारा चंपत वर केबिनमध्ये, मी खाली. बोट वर फिरवलं की उचल, खाली फिरवलं की सोड, तळहात पसरला की थांब. तिथे कानांची गरज कोणाला होती? घरी तुझी आई होती. तुझा फोन आला की ती ऐकायची, मग माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलायची. मी तिचे ओठ वाचून फोनमध्ये उत्तर द्यायचो. तुला कळू दिलं नाही. ती म्हणे, पोरीले कायले घोर लावता.

ती गेल्यावर एकदा तुझा फोन उचलला. तू रडून राहिली का हसून राहिली, तेही समजलं नाही. तेव्हापासून वाजू देतो. वाजतो हे त्याच्या दिव्यावरून कळतं. कानाचं मशीन लावून पाहिलं; कल्ला वाढतो, शब्द उमटत नाहीत. समोर माणूस असला की ओठांवरून निभतं, म्हणून मागच्या दिवाळीत निभलं.

तुझ्या फॉर्मवर विचारलं आहे की ऐकण्याचा त्रास आहे का. पीयूषच्या व्हिडिओत पाहिलं, गाईड मागे बसून ओरडतो आणि सगळ्यांची तोंडं पुढे. नाही असं लिहून मोकळा झालो असतो. पण खूण चुकली की वजनाखाली माणूस असतो, हे मी नव्या पोरांना जन्मभर शिकवलं. बोटीत तर तुझंच पोर असणार. हो लिहावं तर मला काठावर सामानापाशी बसवतील. बसायचं तर होतं ग तुमच्यासोबत, एकदा तरी. लाज वाटली, म्हणून ऋतूंना नावं ठेवत राहिलो.

तुम्ही तिघं जाऊन या.

बाबूजी


पुणे, २४ नोव्हेंबर २०२३

ती. बाबूजींच्या चरणी
नीतूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. तुमचा कमी, आईचा जास्त. ती तरी मला एकदा सांगती.

बोटवाल्यांना सगळं खरं सांगितलं. पावसाळ्यात घेणार नाही, असं ते साफ म्हणाले. पण जानेवारीत सकाळी धरणातून सोडलेलं पाणी बेताचं असेल तेव्हा एकाने तुमच्यासमोर उलटं बसायला त्यांची हरकत नाही. आधी संथ पाण्यात सराव करून दाखवायचा. म्हणजे ऋतू ठरला. पाणी गार आहे, ही तक्रार आता चालणार नाही.

उलटी मी बसणार. नदीकडे पाठ, तुमच्याकडे तोंड. गाईड ओरडेल ते मी ओठांनी सांगेन, आई सांगायची तसं सावकाश. ओठ कळले नाहीत तर हाताने. फॉर्मवर हो लिहा. पीयूषनेही खुणा शिकायला घेतल्या आहेत. काल जेवताना त्याने तळहात पसरून पोळी नको म्हणून सांगितलं, कानातली गाणी न काढता.

नाही म्हणू नका.

तुमचीच नीतू


भिलाई, ५ डिसेंबर २०२३

चि. सौ. नीतूस
अ. उ. आ.

फॉर्म सोबत आहे. हो लिहिलं. परक्यांच्या कागदावर पहिल्यांदाच लिहिलं. दुर्गहून गाडीचं तिकीट काढलं, दहा जानेवारीला पोचतो. स्टेशनवर माझ्या समोरून ये, मागून हाक मारू नको.

काल अंगणात उभा राहून खुणा करून पाहिल्या. हात विसरले नाहीत. बघायला मात्र कोणी नव्हतं. मग घरात येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं.

एकच गोष्ट मनात येते. तू माझ्याकडे तोंड करून बसशील, तर पुढून काय येतं ते तुला दिसणार नाही. तेवढं माझ्यावर सोड. मोठी लाट आली की मी आधी सांगीन. तू फक्त माझ्या हातांकडे पाहत राहा.

बाबूजी